आधी नजर, मग सुई

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात मंगळवारी सकाळी प्रोस्टेटच्या रुग्णांची ओपीडी असते. नऊच्या आतच बाकं भरतात. बहुतेक जण साठीच्या पुढचे. सोबत मुलगा किंवा सून, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सोनोग्राफीची फिल्म आणि रक्ताचे रिपोर्ट. यंदाच्या अंकाचा विषय ‘पाहणं’ असा ठरला, तेव्हा संपादक म्हणाले, पाहण्यामुळे माणसाचं काही बदलतं अशी जागा शोधा आणि तिथे जाऊन या. कर्करोगाच्या तपासणीची सुई कुठे टोचायची, हे आता चित्र बघून ठरतं असं कानावर आलं होतं. ते कसं ठरतं हे बघायला मी इथे आलो.

आत एक गृहस्थ बसले होते. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त, वय ६७. रात्री चार-पाचदा उठावं लागतं, धार बारीक झालीय, अशी तक्रार. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर पीएसए ९.२ निघालं. मुलाने खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं, “सर, कॅन्सरच आहे ना हा?” वडिलांची काळजी निराळीच होती. “आमच्याकडं म्हणत्यात, तुकडा काढू नका. सुई लागली की गाठ चिघळती, मग माणूस ऱ्हात न्हाई.”

डॉक्टरांनी आधी वडिलांकडे पाहिलं. “काका, सुईने हा आजार पसरत नाही, ते मनातून काढून टाका. आणि सुई लागणार की नाही, हेच अजून ठरलेलं नाही. हा आकडा म्हणजे कॅन्सर नव्हे. आधी एमआरआय करू.” त्यांनी हातमोजा घालून बोटाने ग्रंथी तपासली, लघवीची तपासणी लिहून दिली आणि प्रोस्टेटच्या एमआरआयची चिठ्ठी हातात ठेवली. तुकडा काढायची तारीख मात्र दिली नाही.

काही वर्षांपूर्वी हेच गृहस्थ आले असते, तर तारीख त्याच दिवशी मिळाली असती. ही तारीख न देणं हीच या सगळ्या बदलातली मोठी गोष्ट आहे, असं माझं मत पुढच्या दिवसांत पक्कं होत गेलं. चित्रामुळे सुई नेमकी लागते हे खरंच. पण ज्यांना सुईची गरज नाही अशा बऱ्याच पुरुषांची त्यातून सुटका होते, हे त्याहून मोलाचं आहे. आणि ही सुटका चित्र वाचणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते.

झोप उडवणारा आकडा

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली बसलेली ग्रंथी. मूत्रनलिका तिच्या मधूनच जाते. तरुणपणी ग्रंथीचं आकारमान २० ते २५ मिलिलिटर असतं. वय वाढलं की बहुतेक पुरुषांमध्ये ती मोठी होते, नलिकेवर दाब येतो, धार बारीक होते, कधी लघवी तुंबते. ही वाढ साधी असते आणि ती ग्रंथीच्या मधल्या भागात होते. कर्करोग मात्र बहुतेकदा मागच्या बाजूच्या, गुदाशयाला लागून असलेल्या कडेच्या भागात सुरू होतो. मूत्रनलिकेपासून तो लांब असल्यामुळे सुरुवातीला काही त्रास देत नाही. एकाच माणसात दोन्ही असू शकतात, आणि नुसत्या लघवीच्या तक्रारीवरून कोणता आजार हे सांगता येत नाही.

पीएसए हे या ग्रंथीच्या पेशींनी तयार केलेलं प्रथिन. वीर्य पातळ ठेवणं हे त्याचं काम. थोडंसं रक्तात उतरतं, तेच प्रयोगशाळेत मोजतात. कर्करोगात ते वाढतं, तसं साध्या वाढीतही वाढतं, लघवीच्या जंतुसंसर्गात वाढतं, लघवी तुंबून नळी घातली तरी वाढतं. उलट, ग्रंथी आटवण्यासाठी काही जण फिनास्टेराइडची गोळी घेतात. तिच्यामुळे काही महिन्यांत पीएसए निम्म्यावर येतं आणि डॉक्टरांना गोळी ठाऊक नसेल तर आकडा फसवतो. त्या ओपीडीत प्रत्येकाला “कुठली गोळी चालू आहे?” हा प्रश्न विचारला जात होता, तो याचसाठी.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही तपासणी १९८६ मध्ये मंजूर केली, तीही कर्करोग आधीच सापडलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. १९९४ मध्ये निदानासाठी मदत म्हणून तिला मान्यता मिळाली. त्यानंतर धडधाकट पुरुषांचं रक्त सर्रास तपासलं जाऊ लागलं आणि आकडा वाढलेला दिसला की बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणं, असा शिरस्ता पडला. प्रोस्टेटमधल्या प्रतिजनावर १९७० मध्ये काम केलेले रिचर्ड ॲब्लिन यांनीच २०१० मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून या सरसकट तपासणीवर कडक टीका केली. त्यांचा राग समजण्यासारखा होता. इशारा देणाऱ्या आकड्याला लोकांनी निदान मानलं होतं आणि त्या इशाऱ्यानंतर जी बायोप्सी व्हायची, ती अंदाजाने व्हायची.

अंदाजाचे टोचे

स्टॅनफर्डमध्ये हॉज, स्टेमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एक पद्धतशीर रीत मांडली. गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब आत न्यायचा. ग्रंथी पडद्यावर दिसली की तिचे डावे-उजवे, आणि दोन्हीकडे वरचा, मधला, खालचा, असे सहा भाग कल्पायचे आणि प्रत्येक भागातून एक तुकडा घ्यायचा. पुढे सहाचे दहा-बारा तुकडे झाले. जगभर ही रीत रूढ झाली, आपल्याकडेही.

सुई स्प्रिंगच्या बंदुकीला जोडलेली असते. चाप दाबला की खट् आवाज होतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सुई ग्रंथीत जाऊन तुकडा कापून घेते. फॉर्मॅलिनच्या बाटलीत तो तरंगताना शेवईच्या तुकड्यासारखा दिसतो, दीडेक सेंटिमीटर लांब आणि जेमतेम एक मिलिमीटर जाड. असे बारा तुकडे एकत्र केले तरी मोठ्या झालेल्या ग्रंथीचा शंभरावा भागही भरत नाही.

अडचण अशी की सोनोग्राफीत ग्रंथीची कड स्वच्छ दिसते, पण आतली गाठ बऱ्याचदा दिसत नाही. सुई प्रोस्टेटमध्ये जाणार याची खात्री असायची, गाठीत जाईल याची नसायची. त्यातून दोन प्रकारच्या चुका व्हायच्या. गाठ ग्रंथीच्या पुढच्या भागात असली तर मागून गेलेल्या सुया तिच्या अलीकडेच थांबायच्या आणि रिपोर्ट यायचा, ‘कर्करोग नाही’. पीएसए मात्र चढत राहायचं, मग दुसरी बायोप्सी, मग तिसरी. उलट बाजूला, वयस्क पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाचे सूक्ष्म पुंजके पुष्कळदा असतात. ते जन्मभर गप्प राहतात आणि माणूस दुसऱ्याच कारणाने जातो. बारांपैकी एखादी सुई अशा पुंजक्याला लागली की घरावर आभाळ कोसळायचं.

कोणता कर्करोग गप्प राहील आणि कोणता उसळेल, हे पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठरवतात. अमेरिकेतल्या मिनिॲपोलिसचे डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये मांडलेली प्रतवारी, काही सुधारणांसह, आजही वापरात आहे. ग्रंथीची मूळ रचना किती बिघडलीय ते पाहून प्रत ठरवायची आणि दोन प्रतींची बेरीज मांडायची. तीन अधिक तीन म्हणजे सहा, हा सौम्य प्रकार. चार आणि पाचची प्रत दिसली की काळजी वाढते. अंदाजाच्या सुईला सौम्य भाग लागला आणि शेजारची चारची प्रत निसटली, तर ही सगळी प्रतवारी चुकीच्या तुकड्यावर उभी राहायची.

जंतुसंसर्गाचं भय निराळंच. गुदाशयाच्या भिंतीतून जाणारी सुई तिथले जंतू ग्रंथीत आणि रक्तात नेऊ शकते. आपल्याकडे आतड्यातले ई. कोलाय नेहमीच्या प्रतिजैविकांना मोठ्या प्रमाणावर दाद देत नाहीत. तुकडा काढून घरी गेलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थंडी वाजून तापाने फणफणत परत आला, असे अनुभव जुन्या युरॉलॉजिस्टांपाशी आहेत. सुई लागली की माणूस राहत नाही, ही गावाकडची समजूत चुकीची आहे. पण अशा तापाने आणि आजार पुढे गेल्यावर झालेल्या निदानांनी तिला खतपाणी घातलं असणार, असं मला वाटतं.

एमआरआयच्या खोलीत

कंडक्टर काका एमआरआयला आले त्या दिवशी मी तंत्रज्ञ मॅडमच्या शेजारी बसलो होतो. सकाळी त्यांना एनिमा दिला होता, कारण गुदाशयात वायू असला तर लगतच्या ग्रंथीचं चित्र विस्कटतं. खुब्याचा सांधा बदललाय का, पेसमेकर आहे का, आधी तुकडा काढलाय का, असे प्रश्न झाले. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. बायोप्सीनंतर ग्रंथीत साकळलेलं रक्त कित्येक आठवडे तिथे राहतं आणि चित्रात गोंधळ घालतं. म्हणून चित्र सुईच्या आधी काढायचं. मग कानात बोळे, हातात घाबरल्यास दाबायचा फुगा, आणि अर्ध्या-पाऊण तासाची ठोकाठोक.

रेडिओलॉजिस्टच्या खोलीत दिवे मंद होते. त्यांनी एकाच ग्रंथीची निरनिराळी चित्रं पडद्यावर ओळीने लावली. पहिलं टी-टू चित्र, शरीररचनेचं. त्यात कडेचा निरोगी भाग पांढरा उजळ दिसतो, कारण तिथे द्रव भरपूर असतो. गाठ त्यात काळसर दिसते. पण जुनी सूज, व्रण, साकळलेलं रक्त हेही काळसरच दिसतं. म्हणून दुसरं चित्र, डिफ्युजनचं. पेशींच्या मधल्या जागेत पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने फिरतात, हे त्यातून कळतं. कर्करोगात पेशी दाटीवाटीने वाढतात, पाण्याला हलायला वाव राहत नाही. ती जागा एका नकाशावर चमकते आणि जोडीच्या नकाशावर काळी पडते. तिसऱ्या चित्रात शिरेतून दिलेलं गॅडोलिनियम कुठे लवकर पोचतं ते पाहतात, कारण गाठीला रक्तपुरवठा जास्त असतो.

या सगळ्यावरून एक ते पाच गुण द्यायचे. पाय-रॅड्स नावाची ही रीत २०१२ मध्ये युरोपात आखली गेली, आणि २०१९ मधली २.१ ही आवृत्ती सध्या वापरतात. एक म्हणजे घातक कर्करोगाची शक्यता अगदी कमी, पाच म्हणजे फार जास्त. कडेच्या भागात डिफ्युजनच्या चित्राला मान, मधल्या भागात टी-टूला.

काकांच्या चित्रांवरून त्यांनी माउसचं चाक सावकाश पुढे-मागे फिरवलं. मागची कड दोन्हीकडे उजळ. मग पुढच्या बाजूला, डावीकडे, एक भिंगाच्या आकाराचा काळा पट्टा आला. त्यांनी हात थांबवला. डिफ्युजनच्या चित्रात तीच जागा उघडली, तिथे ती चमकत होती. लांबी १४ मिलिमीटर. “इथे मागून घेतलेल्या सुया सहसा पोचत नाहीत,” त्या म्हणाल्या आणि गुण लिहिला, चार.

त्यांनी मला आणखी एक चित्र दाखवलं, दुसऱ्या रुग्णाचं. तिथेही तशीच काळी जागा, तशीच चमक. तुकड्यात मात्र कर्करोग नव्हता, क्षय निघाला. प्रोस्टेटमधल्या क्षयाच्या गाठी, किंवा मूत्राशयाच्या कर्करोगासाठी बीसीजीचं औषध दिल्यानंतर येणारी सूज, एमआरआयमध्ये कर्करोगाचं हुबेहूब सोंग घेते. आपल्या देशात हे ध्यानात ठेवूनच चित्र वाचावं लागतं. चित्र संशय नेमका करतं, शिक्कामोर्तब तुकड्यावरच होतं.

ब्रिटनमधली कसोटी

‘आधी एमआरआय’ हा नियम पुराव्यावर उभा राहिला, आणि त्यातला सर्वांत धाडसी पुरावा ब्रिटनमधला आहे. हाशिम अहमद, मार्क एम्बर्टन आणि सहकाऱ्यांनी चालवलेल्या ‘प्रॉमिस’ अभ्यासात तिथल्या ५७६ पुरुषांनी प्रत्येकी तीन तपासण्या करून घेतल्या. एमआरआय, नेहमीची गुदद्वारातून बायोप्सी, आणि भूल देऊन दर पाच मिलिमीटरवर सुई टोचत केलेली सबंध ग्रंथीची झाडाझडती. ही झाडाझडती म्हणजे खऱ्या उत्तराची किल्ली. तिच्याशी बाकी दोघांची तुलना करायची, आणि बायोप्सी करणाऱ्यांना एमआरआयचं उत्तर आधी सांगायचं नाही.

२०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. घातक कर्करोग असलेल्या शंभर जणांपैकी एमआरआयने ९३ जण हेरले. इतकी वर्षं ज्या बायोप्सीवर विसंबून होतो, तिने ४८. निम्म्याहून जास्त निसटले होते. दुसरी बाजूही त्याच अभ्यासात दिसली. घातक कर्करोग नसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या एमआरआयमध्येही संशयाची जागा दिसत होती. म्हणूनच संशय दिसला की सुई लागतेच. पण ज्यांच्या चित्रात काहीच नाही, असे सुमारे २७ टक्के पुरुष बायोप्सी टाळू शकले असते.

पुढच्या वर्षी ‘प्रिसिजन’ अभ्यास आला. ११ देशांतले ५०० पुरुष, दोन गट. एका गटाची नेहमीची बायोप्सी. दुसऱ्या गटाचा आधी एमआरआय, आणि चित्रात काही दिसलं तरच तेवढ्या जागेतून तुकडे. घातक कर्करोग पहिल्या गटात २६ टक्क्यांमध्ये सापडला, दुसऱ्यात ३८ टक्क्यांमध्ये. निरुपद्रवी कर्करोग पहिल्यात २२ टक्के, दुसऱ्यात ९. आणि दुसऱ्या गटातल्या २८ टक्के पुरुषांना सुई लागलीच नाही. कमी टोचून जास्त सापडलं आणि जे सापडायची गरज नव्हती ते कमी सापडलं. २०१९ मध्ये ब्रिटनच्या आणि युरोपच्या मार्गदर्शक सूचनांनी एमआरआय बायोप्सीच्या आधी आणला.

पडद्यावरची गाठ, हातातली सुई

चित्रात गाठ दिसली, पण सुई मारायची ती सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत. तिथे ती गाठ बऱ्याचदा दिसत नाही. एका चित्रातली खूण दुसऱ्या चित्रात कशी न्यायची? रीती तीन आहेत. डॉक्टर एमआरआय नीट बघून, अंतरं लक्षात ठेवून, सोनोग्राफीत तीच जागा मनाने गाठतात. अनुभवी हातांत ही बिनखर्चाची रीत चांगली चालते. दुसरी, संगणकाने दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवायची, ही फ्युजन बायोप्सी. तिसरी, एमआरआयच्या यंत्रातच सुई मारायची. ती फार वेळखाऊ आणि महागडी, म्हणून मोजक्याच ठिकाणी होते.

काकांची बायोप्सी फ्युजनची होती. ते पाठीवर, पाय आधारावर वर घेतलेले. इथे सुई गुदद्वारातून जात नाही. वृषण आणि गुदद्वार यांच्या मधली जागा जंतुनाशकाने पुसून तिथे बधिर करायचं इंजेक्शन देतात आणि त्वचेतून सुई सरळ ग्रंथीत नेतात. आतड्यातल्या जंतूंना वाटच मिळत नाही, म्हणून तापाचं भय खूप कमी होतं. शिवाय ग्रंथीचा पुढचा भाग या वाटेने सहज हाती लागतो. सोनोग्राफीचा प्रोब मात्र गुदद्वारातूनच ठेवलेला असतो, तो फक्त बघण्यासाठी.

रेडिओलॉजिस्टने आदल्या दिवशी एमआरआयवर ग्रंथीची कड हिरव्या रेषेने आणि गाठीची लाल रेषेने आखून ठेवली होती. डॉक्टरांनी प्रोब तळापासून टोकापर्यंत फिरवला, संगणकाने ग्रंथीचा त्रिमितीय आकार बांधला आणि हिरवी रेषा त्यावर आणून बसवली. ती नीट बसली नाही. प्रोबच्या दाबाने ग्रंथी चेपते, एमआरआयच्या वेळी ती चेपलेली नव्हती. डॉक्टरांनी दाब थोडा सैल केला, मूत्रनलिकेची वाट आणि एक छोटी पाण्याची गाठ या दोन्ही चित्रांत दिसणाऱ्या खुणा जुळवल्या आणि मगच पुढे गेले. त्या दोन-चार मिनिटांत खोलीत कुणी बोललं नाही. रेषा तीन-चार मिलिमीटर सरकली तरी लहान गाठ हुकते, आणि पडद्यावर मात्र सगळं नीटनेटकं दिसत राहतं.

“काका, आता आवाज येईल. हलू नका.” खट्. सिस्टरने सुईच्या खाचेतला तुकडा ओल्या स्पंजाच्या चकतीवर अलगद उतरवला, तो तुटला नाही ना ते पाहिलं, बाटलीत टाकला आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘लक्ष्य १, डावी पुढची बाजू’. त्याच गाठीतून आणखी तीन. मग आजूबाजूच्या भागातून काही, कारण चित्राच्या नजरेतूनही काही निसटतं. प्रत्येक आवाजाला काकांचे पाय किंचित ताठ व्हायचे. वॉर्डातले मामा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. अर्ध्या तासाने काका उठून बसले, लघवी झाली, तीत थोडं लाल दिसलं, ते दोन-तीन दिवस दिसेल असं त्यांना सांगितलं होतं. चहा घेऊन ते मुलाबरोबर बसस्टँडकडे गेले.

रिपोर्ट आठवड्याने आला. ग्लीसन तीन अधिक चार. गाठीतल्या चारही तुकड्यांत कर्करोग, बाकीच्या भागात नाही. उपचार करावा असा आजार, आणि करता येईल अशा टप्प्यावर.

चंडीगडचा यंत्रहात

चित्र एमआरआयचंच असलं पाहिजे असं नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं. त्याला चिकटणाऱ्या रेणूला गॅलियम-६८ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडून शिरेतून दिलं की पेट स्कॅनमध्ये गाठ उजळून दिसते. गॅलियम-६८ चं अर्धआयुष्य ६८ मिनिटं, म्हणून सगळं काम घड्याळ लावून करावं लागतं. हा स्कॅन मुख्यतः आजार पसरलाय का हे पाहायला वापरतात.

चंडीगडच्या पीजीआयएमईआर या वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी त्याचा उपयोग सुईला वाट दाखवायला केला. रुग्ण पालथा झोपतो, पेट-सीटीच्या चित्रावर गाठीची जागा निश्चित होते, आणि चेन्नईच्या परफिंट कंपनीचा यंत्रहात सुईचा कोन आणि खोली ठरवून देतो. सुई नितंबातून आत जाते, म्हणजे गुदाशयाला स्पर्शही होत नाही. आधीच्या बायोप्सीत काही सापडलं नाही पण पीएसए चढतंच आहे, अशांसाठी ही वाट उपयोगी ठरू शकते. खर्च आणि अणुवैद्यकाची सोय पाहता ती मोठ्या संस्थांपुरतीच राहील. पण असं काम भारतात उभं राहून जगाच्या वैद्यकीय नियतकालिकांत पोचलं, याचा अभिमान वाटतो.

न टोचताही सांभाळणं

पुण्याच्या त्याच ओपीडीत एक शाळामास्तर भेटले, वय ५८, पीएसए ५.४. एमआरआयचा गुण दोन. डॉक्टरांनी एक साधा भागाकार केला. ग्रंथी ६२ मिलिलिटरची, म्हणजे पीएसएची घनता ०.०९ च्या आत. मोठी ग्रंथी जास्त पीएसए बनवणारच. हाच आकडा २५ मिलिलिटरच्या ग्रंथीत निघाला असता तर घनता ०.२१ च्या वर गेली असती, आणि ०.१५ च्या पुढे डॉक्टर सावध होतात. मास्तरांना सुई लागली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं ठरलं.

“पण आत काही असलंच तर?” मास्तरांच्या पत्नीने विचारलं. प्रश्न रास्त होता. ‘प्रॉमिस’मध्येही एमआरआय स्वच्छ असलेल्या दहांतल्या एकाजवळ घातक कर्करोग होता. म्हणून ‘गुण दोन’ म्हणजे सुटका असं समजून चालत नाही, लक्ष ठेवावं लागतं. लक्ष ठेवण्याला वेळ आहे, याचा आधार ब्रिटनच्या ‘प्रोटेक्ट’ अभ्यासात मिळतो. ग्रंथीपुरताच मर्यादित कर्करोग असलेले १६४३ पुरुष, कुणाची शस्त्रक्रिया, कुणाला किरणोपचार, कुणावर फक्त देखरेख. १५ वर्षांनी तिन्ही गटांत या कर्करोगाने झालेले मृत्यू सारखेच कमी होते, एकूण २.७ टक्के. देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं. उलट बाजूला, शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा सुटणं, लैंगिक क्षमता जाणं, हे त्रास अनेकांना आयुष्यभर राहतात. कुणाला थांबायला सांगायचं आणि कुणाला नाही, हे निवडायला चांगलं चित्र आणि नेमका तुकडा लागतो.

आपल्याकडची खरी काळजी पुढच्या तपासणीची. सोयाबीन काढणीला आलेलं असताना, घरात लग्न असताना, ‘आता बरं आहे’ म्हणून सहा महिन्यांची तारीख टळते. त्या विभागात एक समाजसेविका फोन करून आठवण देण्याचं काम करतात. त्यांच्या वहीत काही नावांपुढे तीन-तीन फोनच्या खुणा होत्या. फ्युजनच्या यंत्राइतकीच ती वहीही उपचाराचा भाग आहे.

यंत्रं पोचली, नजर पोचायची आहे

जागतिक अंदाजानुसार भारतात २०२२ मध्ये प्रोस्टेट कर्करोगाचे सुमारे ३८ हजार नवे रुग्ण होते. २०२४ च्या ‘लॅन्सेट’ आयोगाने म्हटलंय की जगात २०२० मध्ये वर्षाला १४ लाख असलेले नवे रुग्ण २०४० मध्ये २९ लाख होतील, कारण माणसं जास्त जगतायत, आणि ही वाढ आपल्यासारख्या देशांत ठळक असेल. आपले कित्येक रुग्ण आजही कंबर धरून, हाडांत आजार पसरल्यावरच डॉक्टरांसमोर येतात. त्यांच्यासाठी लक्ष्य शोधण्याची वेळ निघून गेलेली असते.

एमआरआयची यंत्रं आज जिल्ह्याच्या गावीही आहेत. पण मेंदू आणि मणक्याची चित्रं काढण्यात त्यांचा दिवस जातो. प्रोस्टेटसाठी डिफ्युजनची मांडणी निराळी करावी लागते, ती न करता काढलेली चित्रं मी पाहिली. त्यांच्यासोबतच्या रिपोर्टात ‘ग्रंथी मोठी झाली आहे’ एवढंच, गुण नाही, नकाशा नाही. अशा रुग्णाला पुण्यात किंवा मुंबईत पुन्हा पैसे भरून एमआरआय करावा लागतो.

यावर उपाय आवाक्यातला आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्राइम’ अभ्यासाने दाखवलं की चित्रं चांगल्या दर्जाची असतील, तर गॅडोलिनियमचं इंजेक्शन न देताही घातक कर्करोग तितकाच सापडतो. इंजेक्शन नाही म्हणजे वेळ निम्म्यावर, खर्च कमी, एका यंत्रावर जास्त रुग्ण. राहतो तो वाचणारा. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभं राहिलेलं नॅशनल कॅन्सर ग्रिड देशभरातल्या रुग्णालयांना जोडतं. सोलापूरचं किंवा लातूरचं चित्र तिथल्या रेडिओलॉजिस्टने अनुभवी सहकाऱ्याबरोबर वाचावं, आणि तुकड्याचा रिपोर्ट आल्यावर आपला गुण बरोबर होता का ते ताडून पाहावं, एवढी सोय अशा जाळ्यातून करता येईल. रेडिओलॉजिस्टची नजर अशीच तयार होते, चुकलेल्या चित्राकडे पुन्हा बघून. पुण्याच्या त्या रुग्णालयातल्या रेडिओलॉजिस्टही दर आठवड्याला पॅथॉलॉजिस्टबरोबर बसून हेच करतात.

तोपर्यंत घरच्या माणसांनी काही प्रश्न न संकोचता विचारावेत. पीएसए वाढल्यावर लघवीचा संसर्ग तपासला का? तुकडा काढण्याआधी एमआरआय करता येईल का? रिपोर्टात पाय-रॅड्सचा गुण का लिहिलेला नाही? सुई कोणत्या वाटेने जाणार? आणि गुण कमी आला, तर पुढची तपासणी कधी? हे विचारण्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगले डॉक्टर या प्रश्नांची वाटच बघत असतात. आणि एखाद्या तालुक्याच्या गावी रिपोर्ट हातात घेऊन एखादी सून ‘गुण कुठाय?’ असं विचारू लागली, तर तो गुण लिहिणारेही लवकरच तयार होतील.